चांद्याचे शिपाई आणि त्यांच्या हरवलेल्या नोंदी

दुसरे महायुद्ध संपून ऐंशी वर्षे लोटली. १९३९ साली जेमतेम दोन लाखांच्या आसपास असलेली हिंदी सेना १९४५ पर्यंत पंचवीस लाखांच्या वर गेली. ही भरती कायद्याच्या सक्तीने झालेली नव्हती. कोणी पोटासाठी गेला, कोणी घरातील भांडणाला कंटाळून गेला, कोणी गावच्या मालगुजाराच्या आणि सावकाराच्या कचाट्यातून सुटण्यासाठी गेला. या लाखोंत त्या वेळच्या चांदा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांतील, तरुणही होते. त्यांपैकी जे परत आले, त्यांतील बहुतेक आता हयात नाहीत. त्यांची मुलेच सत्तरी-पंचाहत्तरीच्या घरात आहेत. या मुलांपैकी काहींना आता आपल्या वडिलांनी त्या पाच-सहा वर्षांत नेमके काय केले, हे जाणून घ्यावेसे वाटते.

ही इच्छा केवळ कौटुंबिक कुतूहलापोटी निर्माण झालेली नाही. बाप ट्रंकेच्या तळाशी एक जाड कागदाची पुस्तिका आणि दोन-तीन पदके ठेवून गेलेला असतो. जिवंतपणी त्याने त्याविषयी फारसे सांगितलेले नसते. 'बर्मात होतो', 'इराकात ऊन फार होते', 'बिस्किटे कडक असत' यापलीकडे त्याची युद्धकथा जात नसे. मुलगा शिकला, शिक्षक झाला वा कचेरीत कारकून झाला. नातू महाविद्यालयात गेला आणि त्याने प्रश्न विचारला तेव्हा घरात कोणाकडेच उत्तर नव्हते. एका माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या प्रवासाची घरात अशी वाताहत झालेली असते, आणि जिल्ह्याच्या इतिहासातही तिला जागा मिळालेली नसते.

या मौनामागे १९४२ सालाची छाया आहे, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. त्या वर्षी १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, याच जिल्ह्यातील चिमूर पेटले. पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा तरुण हुतात्मा झाला आणि संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर लष्कर व पोलिस गावात शिरले. तेथे स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी त्रेसष्ट दिवसांचे उपोषण केले. सारा देश चिमूरकडे पाहत होता. त्याच सुमारास त्याच जिल्ह्यातील काही तरुण खाकी गणवेश घालून कामठीच्या छावणीत कवायत शिकत होते. स्वातंत्र्यानंतर चिमूरच्या वीरांना ताम्रपट मिळाले आणि १९७२ सालापासून स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतनही सुरू झाले. ते योग्यच झाले. परंतु 'इंग्रजांच्या पलटणीत होतो' असे चारचौघांत सांगण्याची सोय मात्र खाकी गणवेशवाल्याला राहिली नाही. त्याने पुस्तिका ट्रंकेत टाकली आणि तो शेतीला लागला.

वास्तविक या दोन वाटा आज दिसतात तितक्या परस्परविरोधी नव्हत्या. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी १९३९ अखेर युद्धाच्या प्रश्नावर राजीनामे दिले होते हे खरे. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका निराळी होती. महारांची सैन्यभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थांबली. पहिल्या महायुद्धात १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडलीही गेली. ज्यांच्या बापजाद्यांनी सैन्यात सुभेदारी केली होती त्या समाजाला पुन्हा गावकुसाबाहेर ढकलले गेले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ हे स्वतः सैन्यात सुभेदार होते, आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीतच झाला. त्यामुळे ही वेदना त्यांना पुस्तकातून कळलेली नव्हती. १९४१ साली व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर त्यांची नेमणूक झाली, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण कामठीला, म्हणजे चांद्याच्या तरुणाला रेल्वेने गाठता येईल अशा ठिकाणी, उभारण्यात आली. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्याच्या हाती बंदूक आली आणि अंगावर इतरांसारखाच गणवेश आला. त्या भरतीचा हा अर्थ ध्यानात घेतला नाही, तर बापाच्या पुस्तिकेतील भरतीच्या तारखेचा अर्थही कळणार नाही.

शोध कोठून सुरू करावा?

शोधाचा आरंभ लंडनपासून नव्हे, घरातल्या ट्रंकेपासून करावा लागतो. सेवामुक्तीच्या पुस्तिकेत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, पलटण वा दल, भरतीची आणि सेवामुक्तीची तारीख, बापाचे नाव, गाव, तहसील, अंगावरील खुणा आणि वर्तनाचा शेरा असतो. यांत सर्वांत मोलाचा असतो तो क्रमांक. नाव दहा प्रकारांनी लिहिले जाऊ शकते, क्रमांकाचे तसे होत नाही.

पुस्तिका हरवली असेल तर पदके बोलतात, आणि त्यांच्या फिती अधिक बोलतात. पुष्कळ पदकांवर नाव कोरलेले नसते, त्यामुळे घरचे लोक त्यांना निरुपयोगी समजतात. परंतु सहा टोकांचा तारा असेल आणि फीत गडद निळी, मध्ये रुंद तांबडा पट्टा व दोन्ही बाजूंना नारिंगी रेघ अशी असेल, तर तो 'बर्मा स्टार' होय. डिसेंबर १९४१ ते सप्टेंबर १९४५ या काळात बर्मा आघाडीवर गेल्याशिवाय तो मिळत नसे. फिकट वाळूच्या रंगाची फीत 'आफ्रिका स्टार'ची. तांबडा, पांढरा आणि हिरवा हे इटलीच्या निशाणाचे रंग असतील तर तो 'इटली स्टार', आणि त्याची मुदत जून १९४३ ते मे १९४५. एकही तारा नसून केवळ गोल पदके असतील, तर त्या शिपायाची नोकरी बहुधा हिंदुस्थानातच गेली असावी. तीन वर्षे येथेच काढलेल्यांसाठी 'इंडिया सर्व्हिस मेडल' हे स्वतंत्र पदक होते. फितीचा रंग उडाला असला तरी शिवणीच्या आतल्या बाजूला तो बहुधा शिल्लक असतो.

यानंतरची पायरी अभिलेख कार्यालयाची. येथे बहुतेकांची पहिली चूक होते. ते दिल्लीला वा लंडनला पत्र लिहितात. ब्रिटिश लायब्ररीत हिंदी सेनेच्या अधिकाऱ्यांच्या सेवानोंदी आहेत, पण सामान्य शिपायांच्या नोंदी हिंदुस्थानातच राहिल्या. त्या एका जागी नसून ज्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात विखुरल्या आहेत. महार रेजिमेंटचे कार्यालय मध्य प्रदेशात सागर येथे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, सिग्नल्सचे जबलपूरला, पायोनियर दलाचे बंगळूरला, वैद्यकीय दलाचे लखनौला. त्यामुळे 'वडील मिलिटरीत होते' एवढे पुरत नाही, कोणत्या दलात होते हे ठाऊक हवे. फाळणीच्या वेळी काही रेजिमेंटे सबंध पाकिस्तानकडे गेली आणि त्यांचे कागदही त्यांच्याबरोबर गेले, हेही ध्यानात ठेवावे.

अर्जदाराने नाते सिद्ध करणारा पुरावा जोडून साधे पत्र लिहावे. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. त्या कायद्यातील एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती देताना, राष्ट्राच्या सुरक्षिततेसारखे मोजके अपवाद वगळता, नकाराची इतर कारणे चालत नाहीत. ऐंशी वर्षांपूर्वीच्या शिपायाच्या भरतीची तारीख या अपवादांत बसवणे कोणत्याही अधिकाऱ्याला कठीण जाईल.

कागद नष्ट का झाले?

तरीही पुष्कळांना 'कागदपत्रे उपलब्ध नाहीत' असे उत्तर येते, आणि ते नेहमीच टाळाटाळीचे नसते. सैन्यात प्रत्येक शिपायाची एक सविस्तर नोंदपत्रिका असते, तिला 'शीट रोल' म्हणतात. बदल्या, रजा, दुखापती, शिक्षा, बढत्या सारे तिच्यात असते. ज्याला निवृत्तिवेतन नाही त्याची ही पत्रिका सेवामुक्तीनंतर पंचवीस वर्षांनी नष्ट करावी, असा नियम आहे. निवृत्तिवेतनासाठी पंधरा वर्षांची सेवा लागते. महायुद्धासाठी भरती झालेला शिपाई चार-पाच वर्षांत घरी पाठवला गेला, म्हणजे तो निवृत्तिवेतनात बसलाच नाही. १९४६ साली सुटलेल्या शिपायाची मुदत त्यामुळे १९७१ साली संपली. मुलगा शाळेत होता, बाप जिवंत होता, आणि त्याच्या युद्धसेवेचा तपशील दूरच्या एका कार्यालयात नियमानुसार रद्दीत निघत होता. यात कोणा एका माणसाचा दोष नाही. लाखो पत्रिका सांभाळणे कार्यालयांना शक्य नव्हते. पण ज्याने पंधरा वर्षे नोकरी केली त्याचा तपशील टिकतो आणि ज्याने ऐन युद्धात पाच वर्षे काढली त्याचा टिकत नाही, असा या नियमाचा परिणाम झाला.

सारेच मात्र गेले नाही. 'लाँग रोल' नावाची एक संक्षिप्त नोंदवही कायम जतन केली जाते. तिच्यात एका शिपायाला एखादी ओळ मिळते: क्रमांक, नाव, गाव, भरती, सेवामुक्ती. म्हणून अर्जात केवळ 'सेवेची माहिती द्यावी' असे न लिहिता 'लाँग रोलमधील नोंदीची प्रत द्यावी' असे स्पष्ट लिहिणे हिताचे.

ही एक ओळ हाती आली की तिच्याभोवती चित्र उभे करता येते. त्या पलटणीची युद्धदैनंदिनी, संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने प्रसिद्ध केलेला महायुद्धाचा अनेक खंडांचा इतिहास आणि रेजिमेंटांचे स्वतंत्र इतिहास यांतून ती पलटण कोणत्या महिन्यात कोठे होती हे कळते. उदाहरणार्थ, महार रेजिमेंटची पहिली व तिसरी पलटण वायव्य सरहद्दीवर होती, तर दुसरी बर्मात जाऊन आली आणि युद्धानंतर इराकमध्येही राहिली. घरात ऐकलेले 'बर्मात होतो' आणि 'इराकात ऊन फार होते' हे दोन तुटक उद्गार असे एकाएकी जोडले जाऊ शकतात. युद्धदैनंदिनीत अधिकाऱ्यांची नावे सापडतात. शिपाई मात्र बहुधा आकड्यांतच असतात: इतके मृत, इतके जखमी, इतके बेपत्ता.

जे परत आलेच नाहीत त्यांचा शोध, विपरीत वाटले तरी, अधिक सोपा आहे. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदींत दुसऱ्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या अविभाजित हिंदुस्थानच्या सुमारे ८७ हजार सैनिकांची नावे आहेत आणि पुष्कळ नोंदींत पित्याचे वा पत्नीचे नाव, गाव आणि जिल्हाही आहे. रंगूनजवळ तौक्यान येथील एकट्या स्मारकावर, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा राष्ट्रकुलातील सुमारे २७ हजार सैनिकांची नावे कोरलेली आहेत. मेलेल्याचे नाव दगडावर राहिले. जगून परतलेल्याचे वहीतल्या एका ओळीत राहिले.

नावांचा आणि सीमांचा घोळ

चंद्रपूर-गडचिरोलीकरांपुढे आणखी एक अडचण आहे. त्यांचा प्रदेश चार राज्यव्यवस्थांतून गेला. महायुद्धाच्या वेळी चांदा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५० साली तो मध्य प्रदेशात, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. चांद्याचे चंद्रपूर त्यानंतर झाले आणि गडचिरोली जिल्हा तर २६ ऑगस्ट १९८२ रोजी जन्मला. सैन्याच्या नोंदींत 'गडचिरोली जिल्हा' शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही. चांदा जिल्ह्यातील तहसील म्हणूनच ते नाव येईल, तेही इंग्रजीत 'गर्चिरोली' अशा उच्चाराने लिहिलेले. राजुऱ्याची गोष्ट याहून निराळी. तो तालुका त्या वेळी निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता आणि १९५९ साली चांदा जिल्ह्याला जोडला गेला. राजुऱ्याच्या शिपायाचा पत्ता म्हणून 'आदिलाबाद, हैदराबाद संस्थान' असे पाहावे लागेल.

नावांचा घोळ याहून मोठा. भरतीच्या टेबलाशी बसलेल्या कारकुनाने जे ऐकले ते इंग्रजीत उतरवले. आडनाव असेलच असे नाही. 'अमुक वल्द अमुक' ही या भागातील सरकारी रीत. गोंड शिपायाच्या नावापुढे कधी आडनावाऐवजी जमातच लिहिली गेली. परत आल्यावर मुलाचे नाव शाळेत घालताना मास्तरांनी आडनाव लावले आणि बाप-लेकांची कागदोपत्री ताटातूट झाली. वयाचेही तेच. सोळा वर्षांच्या मुलाने अठरा सांगितले आणि जन्मसाल दोन वर्षे मागे गेले.

येथे विदर्भातील माणसाच्या हाती एक साधन आहे. जातपडताळणीसाठी धावपळ केलेल्या प्रत्येक कुटुंबाला ते ठाऊक आहे. ते म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. आजोबाची जात सिद्ध करण्यासाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जे रजिस्टर उघडले जाते, त्यातच आजोबाचे बापाने सांगितलेले मूळ नाव आणि जन्माची खरी तारीख असते. पलटणीच्या नोंदीतील नाव आणि घरातील नाव एकाच माणसाचे आहे, हे दाखवणारा दुवा तोच ठरू शकतो. जो कागद शिष्यवृत्तीसाठी एकदा काढला, तो आजोबाचा शोध घेतानाही उपयोगी पडतो.

सापडले ते पचवता यावे

शोध घेणाऱ्याने एका गोष्टीची मनाशी तयारी ठेवावी. बापाविषयी आपण मनात उभी केलेली प्रतिमा आणि नोंदवहीतील ओळ यांचे जुळेलच असे नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना इटलीत १० जुलै १९४४ रोजी दाखवलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली इटलीतील मोंतोने या गावाने त्यांचे स्मारकही उभारले. असा मान लाखांत एखाद्याच्या वाट्याला येतो. इतरांच्या पुस्तिकेत 'आचारी', 'भिस्ती', 'खेचरवाला', 'पायोनियर' असे असते. आसाम-मणिपूरच्या डोंगरांत पावसापाण्यात रस्ते खोदणारे आणि खेचरांवरून दारूगोळा नेणारे हात नसते, तर पुढच्या रांगेतील बंदूक मुकी राहिली असती. बाप भिस्ती होता हे कळल्यावर ज्या मुलाला ओशाळल्यासारखे वाटते, त्याने युद्ध म्हणजे काय हे अजून समजून घ्यायचे आहे.

याहून कठीण नोंदीही सापडतात. 'कार्यक्षम सैनिक होण्याची शक्यता नाही' अशा शेऱ्यासह काही जणांना घरी पाठवले गेले. काही पळून आले. सिंगापूर पडल्यावर काही जपान्यांच्या कैदेत गेले. त्यांतले काही आझाद हिंद सेनेत दाखल झाले आणि नाही म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना न्यू गिनीसारख्या बेटांवर मरणप्राय मजुरीला जुंपले गेले. काही पलटणी १९४२ साली देशातच 'अंतर्गत सुरक्षे'साठी, म्हणजे प्रसंगी आपल्याच माणसांच्या जमावासमोर, उभ्या होत्या. बापाचे मौन यांपैकी कशामुळे होते हे कळले, तर त्याचा न्याय करण्याची घाई करू नये. वीस वर्षांच्या, अक्षरशत्रू, घरी मनिऑर्डर पाठवण्यासाठी गेलेल्या तरुणापुढे निवडीला वाव किती होता, हे आधी पाहावे.

जिल्ह्याचे कर्तव्य

हा प्रश्न प्रत्येक कुटुंबावर सोडून चालणार नाही. दुसऱ्या महायुद्धातील सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना राज्य शासनाने मासिक अर्थसाहाय्य सुरू केले, तेव्हा त्याचा आधार होता तो सेवेचा पुरावा. ज्या घरची पुस्तिका वाळवीने खाल्ली वा पुरात गेली, तेथील वृद्धेला आपला नवरा पलटणीत होता हे सिद्ध करणे अवघड झाले. ज्या जिल्ह्यात मातीच्या भिंती, चार महिन्यांचा पाऊस आणि वैनगंगा-वर्धेचे पूर नित्याचे आहेत, तेथे कागद टिकेल या भरवशावर कोणाचाही हक्क ठेवणे न्याय्य नाही.

इतरत्र काय झाले ते पाहण्यासारखे आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जवानांचे स्मारक आहे आणि सारे गाव ते आपले भूषण मानते. पंजाबात पहिल्या महायुद्धानंतर गावोगावच्या सैनिकांच्या याद्या करण्यात आल्या होत्या. त्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. ग्रीनिच विद्यापीठ आणि ब्रिटनमधील पंजाबी वारसा संस्थेने त्यांचे संगणकीकरण केले आणि २०२१ पासून सुमारे तीन लाख वीस हजार सैनिकांची नोंद गावाच्या नावावरून शोधता येऊ लागली. नातवंडांना पणजोबा सापडले. चांद्यात लढवय्यांची परंपरा नव्हती असा समज इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चे वर्गीकरण करून पसरवला. तो खोडण्याचे साधन पुन्हा नोंदीच आहेत.

चंद्रपूर आणि गडचिरोली येथे असे काम अल्पखर्चात होऊ शकते. प्रत्येक ग्रामपंचायतीत तीन रकान्यांची एक वही ठेवावी: शिपायाचे घरातील नाव, पलटणीतील नाव व क्रमांक, आणि घरात असलेले कागद वा पदके. शिक्षकांनी वर्गातील मुलांना हा प्रश्न घरी विचारायला सांगावा. पुस्तिकांची छायाचित्रे घेऊन ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे द्यावीत आणि त्या कार्यालयाने गटागटाने सागर, बंगळूर, खडकी येथील अभिलेख कार्यालयांशी पत्रव्यवहार करावा. एकेकट्या म्हाताऱ्या मुलाच्या अर्जापेक्षा जिल्ह्याच्या पत्राला लवकर उत्तर मिळेल. २०११ साली गडचिरोलीत स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी याहून जवळचा विषय क्वचितच मिळेल.

चिमूरच्या हुतात्म्याचे आणि कामठीहून बर्माला गेलेल्या शिपायाचे नाव एकाच वहीत लिहायला आता कोणाची हरकत नसावी. दोघेही याच मातीतले होते आणि त्या वर्षांचा भार दोघांनीही वाहिला. लाँग रोलची वही सागरला वा बंगळूरला आणखी शंभर वर्षे राहील. पण तिच्यातील ओळ वाचून 'होय, हाच माझा बाप' असे सांगू शकणारी माणसे आणखी दहा-पंधरा वर्षेच असतील. वह्या उघडायच्या तर त्या आधी उघडल्या पाहिजेत.